बिनखोडीचं जॅकेट

तुमच्या गोरेगावच्या आजोबांना कोणी जॅकेट घातलेला माणूस भेटला, की ते आधी त्याची कॉलर हुंगतात आणि मग त्याला नमस्कार करतात.

कामठ्याला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाची कॉलर हुंगली. मामा ताट धरून जेवणाच्या रांगेत उभे होते. मानेशी कोणाचं तरी नाक लागलं म्हणून ते दचकले आणि त्यांच्या वाटीतली कढी पुढच्या माणसाच्या पाठीवर गेली. गोरेगावच्या आजोबांनी शांतपणे निदान सांगितलं, "रेक्झिन होय जी. दोन उन्हाळ्यात फुटन." मामांनी ते अस्सल कातडं म्हणून दिल्लीहून आणलं होतं आणि सकाळपासून सगळ्यांना तसं सांगितलं होतं. उरलेलं लग्न त्यांनी जॅकेटची घडी मांडीवर ठेवून, कुडकुडत पार पाडलं.

हे गोरेगावचे आजोबा, माझे गेंदलालभाऊजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. व्हिडिओ कॉलवर मागे हेल्मेट घालून बसलेले दिसतात ते. या माणसाला एक चांगलं चामड्याचं जॅकेट हवं होतं, आणि त्याच्या शोधात तीन हिवाळे ते दर रविवारी जवळच्या गोरेगावहून आमच्याकडे गोंदियाला येत होते. ते जॅकेट शेवटी मी त्यांना मिळवून दिलं. तसं करायला नको होतं हे मला उशिरा कळलं, म्हणून लिहिते आहे. नाहीतर मामांची गोष्ट तुम्हाला फोनवरच सांगून टाकली असती.

भाऊजी पस्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बांधायच्या कामावर होते. गावोगाव लोक त्यांना ढोरडॉक्टर म्हणत आणि त्यांनी ते कधी नाकारलं नाही. पौषातल्या पहाटे कुठे गाय अडली की ते मोटारसायकल काढत. आपल्याकडे धानाच्या बांध्यांवरून येणारा वारा काय असतो, ते तुमच्या बर्फाच्या देशात सांगून कोणाला पटायचं नाही. स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची जाड घडी घालायची, हा त्यांचा इलाज. सुशीला, म्हणजे तुमची काकूआजी, रोज ती घडी बदलून ठेवत असे. ती गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात भाऊजी आमच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, आता पेपर नाही जमत. कातड्याचा जॅकेट घ्याचा हाये. तुमी शिकल्यासवरल्या आहात, जरा पाहून द्या."

मी शिकलेली असल्यामुळे एक वही केली.

इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. कातडं वरच्या थराचं हवं, तुकडे चिकटवून दाबलेलं नको. शिवण दुहेरी हवी. चेन धातूची आणि तिच्यामागे वारा अडवायला पट्टी हवी. अस्तर घाम टिपणारं हवं. खांदे इतके मोकळे हवेत की हात हँडलवर नेल्यावर बाही मनगटावरून वर सरकू नये आणि मागे कंबर उघडी पडू नये. मी हे क्रमवार लिहून काढलं आणि त्यांची मापं घेऊन पहिल्या पानावर टाकली. तुमच्या बाबानं तिकडून एका जॅकेटचा फोटो पाठवला होता, तो मी भाऊजींना दाखवला. त्यांनी फोन नाकाजवळ नेला आणि परत दिला. "फोटूचा वास येते का जी?"

एक अट त्यांची स्वतःची होती. गाईचं कातडं नको. शेळीचं म्हटलं तर म्हणाले, "शेळी गरीब असते." मग म्हशीचं? थोडा विचार करून म्हणाले, "म्हशीचा चालते. म्हशीनं मले दोनदा लाथ मारली हाये."

पहिलं दुकान आम्ही गोंदियाच्या बाजारातलं पाहिलं. तुमचे आजोबा, भाऊजी आणि मी. विक्रेत्यानं मोठ्या तोऱ्यात एक काळं जॅकेट समोर टाकलं. भाऊजींनी दोन बोटांनी पाठीवरचं कातडं चिमटीत धरून वर उचललं आणि सोडलं. मग पुन्हा. अंगातलं पाणी कमी झालेल्या गाईची ते तशीच परीक्षा करत. कातडी लगेच जागेवर बसली तर गाय बरी. जॅकेट लगेच बसलं नाही. "बीमार है," भाऊजी विक्रेत्याला म्हणाले.

दुसऱ्या जॅकेटच्या खांद्यावर बारीक खड्ड्यांचा एक डाग होता. विक्रेता ओशाळून म्हणाला, "चाचाजी, इसमें थोड़ा डिफेक्ट है, दूसरा दिखाता हूँ." भाऊजींचा चेहरा उजळला. "अरे, ये गोचीड का दाग है! मतलब असली जानवर है!" आणि मला म्हणाले, "पाहा वहिनी, इथं गोचीड बसला होता. कोणी तेल लावलं नाही बिचाऱ्याले." दुकानात ते जॅकेट हातात घेऊन ते इतके हळहळले की दोन गिऱ्हाइकं न घेताच बाहेर पडली. ते जॅकेट मात्र काखेत काचत होतं. मी वहीत तशी नोंद केली.

पुढे आम्ही नागपूरला जाऊ लागलो. सकाळची गाडी, तिघांना मिळून एक बाक. मी पुऱ्या आणि तिळाची चटणी न्यायची, भाऊजी गोरेगावच्या बाजारातून उकडलेले शिंगाडे आणायचे. सोलून एक दादाला, एक वहिनीला, असं त्यांचं नागपूरपर्यंत चालायचं. मी "पुरे" म्हटलं तरी पुढचा शिंगाडा हातावर यायचाच. एकदाच, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले होते, "सुशीला असती तं पाच मिनिटात पसंत केला असता." मग लगेच म्हणाले, "आनं घरी येऊन मले शिव्या देल्ल्या असत्या, असा कायले घेतला म्हणून."

नागपूरच्या एका मोठ्या दुकानात काय झालं ते तुमचे आजोबा अजून पाहुण्यांना सांगतात. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. भाऊजींना तिथं एक जॅकेट बरं वाटलं. दुकानाचा मालक तिशीतला, अंगाला अत्तर लावलेला. भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची तीन बोटं घट्ट धरली.

"चाचा, हाथ छोड़ो!"

"बोल, बोल. कोई देख नहीं रहा."

सगळं दुकान बघत होतं. मालकानं नोकरांना हाका मारल्या. तुमचे आजोबा पुढे झाले, समजूत घातली. हात सुटल्यावर भाऊजींनी दुसरा प्रस्ताव ठेवला. जॅकेट आठ दिवस घरी नेतो, चालवून पाहतो, जमलं तर ठेवतो. बैल असाच घेतात, आधी गाड्याला जुंपून पाहतात.

"चाचा, ये जॅकेट है, बैल नहीं है."

"बैल असता तं तुले विचारलं असतं का? दात पाहून मीच सांगतलं असतं!"

परतीच्या गाडीत ते फार खुशीत होते. दिवसभर पाहिलेल्या प्रत्येक जॅकेटची खोड त्यांनी नक्कल करून दाखवली. समोरच्या बाकावरचं कुटुंब हसत होतं. मी हसत होते, पण मनातून वैतागले होते. सात पानं भरली होती आणि एकही जॅकेट निवडलं गेलं नव्हतं. पुढच्या खेपेला रायपूरला जायचं, हे गोंदिया यायच्या आत त्यांनी ठरवूनही टाकलं.

रायपूरला खरंच चांगलं जॅकेट मिळालं होतं. कातडं, शिवण, खांदे, सगळं जमत होतं. किमतीचा त्यांचा हिशेब साधा होता, वस्तू किती हिवाळे जाईल ते पाहायचं. त्यातही ते बसलं. भाऊजी त्याचे खांदे पुन्हा पुन्हा चाचपत होते. तेवढ्यात तुमचे आजोबा म्हणाले, "चेन अडकते." मी ती चेन चार वेळा खालीवर केली. अडकली नाही. पण भाऊजींनी जॅकेट लगेच परत ठेवलं. "दादाले जमला नाही तं राहू द्या."

तिसरा हिवाळा संपला तेव्हा मी ठरवलं की आता हे निकाली काढायचं. माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला चामड्याच्या वस्तू बनवतो. मी कोणालाच न सांगता त्याला वहीतली मापं कळवली, एकूण एक अपेक्षा कळवल्या. त्यानं मनापासून काम केलं. मऊ पण भक्कम म्हशीचं कातडं, दुहेरी शिवण, पितळी चेन, सुती अस्तर. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी भाऊजी आले, चहा झाला, ते म्हणाले, "मंग वहिनी, यंदा जबलपूरले जाऊन पाहू म्हणतो." मी आतून खोकं आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी जॅकेट बाहेर काढलं. हुंगलं. पाठ चिमटीत धरून सोडली. चेन ओढली. अंगात घालून स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले, जसे हँडलवर ठेवतात. बाही मनगटावर होती. मी मागून पाहिलं, कंबर झाकलेली होती. मला इतका आनंद झाला होता!

"काही खोड?" मी विचारलं.

ते बराच वेळ तसेच हात पुढे करून बसले होते. मग म्हणाले, "नाही जी. एकही नाही." आणि वाकून माझ्या पाया पडले. एरवी ते दसऱ्यालाच पडतात.

पुढच्या रविवारी ते जॅकेट घालून आले. चहा घेतला. जॅकेट कसं आहे विचारलं, तर "मस्त हाये" म्हणाले. मग धानाला भाव काय, पाऊस किती, असं बोलून झालं आणि अर्ध्या तासात ते उठले. त्याच्या पुढच्या रविवारी आले नाहीत. मग पंधरा दिवसांनी आले, मग महिन्याने. येत ते जॅकेट घालूनच येत. एप्रिलातही आले, कपाळावर घामाचे ओघळ. मी म्हटलं, "भाऊजी, काढून ठेवा ना." तर म्हणाले, "राहू द्या, तुमी देल्ला हाये."

तो एप्रिलातला रविवार मला सोसेना. ते गेल्यावर मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "भाऊजींना आवडलं नाही का जॅकेट? बोलत का नाहीत?"

आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "तुले खरंच समजलं नाही का? त्याले जॅकेट पायजे होता, असं वाटलं का तुले?"

"तीन वर्षं शोधत होते ना!"

"शोधत होता. मी रायपूरले चेन अडकते काऊन म्हटलं होतं?"

मी थक्क झाले. "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

आता त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मले वाटलं, तूबी मजा करून राहिली."

मला मजा येत होती. हे मला त्या क्षणी कळलं, तीन हिवाळे झाल्यावर. वही अजून माझ्या कपाटात आहे आणि तिचं शेवटचं पान मी लाल रेघ मारून बंद केलेलं आहे.

गेल्या आठवड्यात भाऊजी दवाखान्यातल्या एका जुन्या सोबत्याला भेटायला गोंदियाला आले होते. जाता जाता आमच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबले. गाडीवरून उतरलेही नाहीत. मी धावत बाहेर गेले. थंडी कडक होती, जॅकेट त्यांना छान बसलं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "या रविवारी नागपूरला जायचं का आपण?"

त्यांनी इंजिन बंद केलं. हेल्मेटची काच वर केली. "कायले जी?"

मी फाटकाची कडी उगाच काढली आणि लावली. त्यांनीच विचारलं, "काही घ्याचं हाये का घरात?"

"नाही, सगळं आहे."

"दादाले डॉक्टरले दाखवाचं हाये?"

"नाही, परवाच दाखवलं. बरे आहेत."

"मंग कोणाचं लगन गिगन?"

"पौषात कुठली लग्नं, भाऊजी?"

"हो, तेबी हाये," ते म्हणाले. मग काच खाली केली आणि गाडीला किक मारली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. तीन वेळा त्यांनी स्वतःहून मला कारण काढून दिलं, आणि मी तिन्ही वेळा खरं उत्तर दिलं.