सुतकाच्या घरचा अप्पम

पेसहा गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, सकाळी इट्टूपने बायकोला बजावलं, "हे बघ रोसिली, आज काहीही झालं तरी कुणाकडे अप्पम मागायचा नाही."

"मग आपल्याला हवाय हे लोकांना कळणार कसं?"

"तेच तर बघायचंय."

रोसिलीने उलथनं खाली ठेवलं. नवरा 'बघायचंय' म्हणाला की पुढचं निस्तरण्याचं काम आपल्या वाट्याला येतं, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती.

केरळातल्या कोट्टयमकडच्या ख्रिस्ती घरांतला रिवाज साधा आहे. पेसहाच्या संध्याकाळी घरोघरी तांदूळ-उडदाचा, न आंबवलेला अप्पम वाफवतात. त्यावर झावळीचा क्रूस ठेवतात आणि घरातला कर्ता माणूस प्रार्थना म्हणून तो कापतो. मात्र ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे अप्पम करत नाहीत. शेजारीपाजारी आणून देतात, आणि तेही आपणहून. सांगून मागवला तर तो अप्पम नव्हे, पार्सल.

इट्टूपची आई, त्याची अम्माची, गेल्या ऑगस्टमध्ये गेली. विमान चुकलं आणि तो मातीच्या दुसऱ्या दिवशी पोचला. आखातातल्या नोकरीवर परतल्यावर लगेच इस्पितळातल्या एक्स-रे मशीनपाशी उभा राहून लोकांना "श्वास रोखा" सांगू लागला, आणि स्वतःचाही रोखून बसला. तेव्हापासून संध्याकाळची प्रार्थना रोसिली एकटीच म्हणायची, तो नुसता बसायचा. जानेवारीत बदली होऊन ते ओमानमधल्या सलालाला आले. इथे चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी भरायचं आणि इट्टूपचं डोकंही नेमकं शुक्रवारीच दुखायचं. त्यामुळे आपल्यातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. आज अप्पम आला तर देवाकडे आपला नवा पत्ता आहे, नाही तर नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुपारपर्यंत दार वाजलं नाही, तेव्हा देवाला थोडी मदत करायला हरकत नाही, असं त्याला वाटू लागलं. तो कोपऱ्यावरच्या मोइदीनच्या दुकानात गेला. मोइदीनही केरळातलाच, मलप्पुरमचा. त्याच्या दुकानात नारळापासून बातम्यांपर्यंत सगळं मिळायचं.

"काय देऊ अच्चाया? आज तुमचा सण ना? तांदळाचं पीठ ताजं आहे."

इट्टूपने असा उसासा टाकला की काउंटरवरची कोथिंबीर हलली. "आमच्या घरात कसला सण, इक्का? अम्माची गेली."

कधी गेली, ते त्याने सांगितलं नाही. ऑगस्ट म्हटलं की उसाशातली हवा जाते.

मोइदीनच्या हातातलं माप तसंच राहिलं. "या अल्ला! आणि तुम्ही असे पायी हिंडताय? घरी जा आधी. बाकीचं मी बघतो."

'बाकीचं' म्हणजे अप्पम, असं समजून इट्टूप हलक्या पावलांनी घरी आला.

थोड्याच वेळात दारात प्लास्टिकच्या खुर्च्या उतरल्या. मागोमाग सतरंजी, कॉफीची सुरई, खजुराची परात आणि घरमालक मुसल्लम आला. त्याने इट्टूपला छातीशी धरलं, इथल्या रीतीने नाकाला नाक लावलं आणि म्हणाला, "आई गेल्यावर माणूस एकटा बसत नाही."

"अहो, पण ती तर..."

"बोलू नका. बसा."

इट्टूप बसला. मग मुसल्लमचे भाऊ आले, समोरचा न्हावी आला, मोइदीन दुकान बंद करून आला. मुसल्लमच्या घरातल्या बायका थेट आत गेल्या आणि रोसिलीला मिठीत घेऊन रडू लागल्या. मग एक भलंमोठं ताट आलं. त्यात भाताचा डोंगर होता आणि डोंगरावर बोकड.

इट्टूपचा ईस्टरपर्यंतचा पन्नास दिवसांचा उपवास चालू होता. मांस, मासळी, सगळं बंद. बोकडाचा वास मात्र बंद करता येईना.

पाण्याच्या निमित्ताने रोसिलीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "आत चार बायका माझ्या गळ्यात पडून रडताहेत! सांगा ना खरं काय ते."

"आता कसं सांगू? बोकड परत जिवंत करून देऊ?"

"अप्पम मागायचा नव्हता म्हणून बोकड मागवलंत होय?"

तो तोंड पाडून बाहेर आला. मुसल्लमने कॉफी ओतून दिली आणि सहज विचारलं, "कशी होती तुमची आई?"

ऑगस्टपासून हे कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा लोकांनी विचारलं होतं ते तिकिटाचं, रजेचं, बदलीचं. "भांडखोर होती," इट्टूप म्हणाला. "पाद्र्याशीसुद्धा भांडायची. प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून खोकायची. पेसहाच्या दिवशी मात्र अप्पम कापून होईपर्यंत एक शब्द नाही. मला पहिला तुकडा द्यायची आणि म्हणायची, सांडू नकोस, माकडा..."

इट्टूपचं साठून राहिलेलं रडू एकदम आलं. न्हाव्याने खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातात दिला.

नाक पुसून तो उठून उभा राहिला. "माफ करा. मी तुम्हाला फसवलं. आई आज नाही गेली. ऑगस्टमध्येच गेली."

मोइदीन छताकडे बघू लागला. मुसल्लमने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"ऑगस्टमध्ये?" तो म्हणाला. "मग आम्हीच यायला उशीर केला."

आणि त्याने इट्टूपला पुन्हा खाली बसवलं.

तेवढ्यात दारात एक मुलगी घुटमळताना दिसली. अंगावर नर्सचा गणवेश, हातात स्टीलचा डबा.

"इट्टूप अंकल इथेच राहतात का? मी जिन्सी. मोइदीनइक्कांच्या दुकानात पीठ घ्यायला गेले होते, तेव्हा कळलं." तिने गर्दीकडे, बोकडाकडे पाहिलं आणि ती आणखीच संकोचली. "दुःखाच्या घरी काम घेऊन आलेय, रागावू नका. अप्पम केलाय. पण हॉस्टेलवर आपल्यातली मी एकटीच. कापणार कोण? स्वतःच प्रार्थना म्हणायची, स्वतःच कापायचा, म्हणजे स्वतःच्याच गळ्यात हार घातल्यासारखं. तुम्ही कापून द्याल का?"

इट्टूप डब्याकडे बघतच राहिला. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "रोसिली, मी मागितला नव्हता हं."

"नाही मागितलात," रोसिली डोळे पुसत म्हणाली. "गावभर फक्त दवंडी पिटलीत."

"झावळ्यांच्या रविवारी ड्यूटी होती," जिन्सी म्हणाली, "त्यामुळे झावळी नाही मिळाली. क्रूस राहिलाय."

इट्टूप आत गेला. अम्माचीच्या बायबलमधून त्याने झावळीची एक वाळलेली पट्टी काढली. ऑगस्टमध्ये घरून त्याने तेवढंच आणलं होतं. ती मोडून त्याने अप्पमवर क्रूस ठेवला. पाहुणे उठू लागले, तर त्याने हातानेच थांबवलं. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतः प्रार्थना म्हटली. मध्ये दोनदा अडखळला, रोसिलीने शब्द पुरवले. मोइदीन आणि मुसल्लम मान खाली घालून बसले होते. पहिला तुकडा त्याने जिन्सीच्या हातावर ठेवला.

"सांडू नकोस, माकडा," तो म्हणाला.

जिन्सी दचकली, मग हसली, मग रडू लागली. तीही घरापासून बरीच वर्षं लांब होती.

पाहुणे गेल्यावर उपवासाच्या घरात उरलं ते बोकड. रोसिलीने ते डब्यांत भरलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. शुक्रवारी इट्टूपचं डोकं दुखलं नाही. आणि रविवारी, ईस्टरच्या दुपारी, सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि ते बोकड ताटात पुन्हा उठलं.