अंगठ्यासाठी विमान

क्वेसी अम्पोन्साच्या पायावर फणस पडला तो गुरुवारी सकाळी, आणि शनिवारी दुपारी दोन वाजता त्याला मुलीच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. फणस घरमालकीण रोबिना मावशीच्या झाडाचा, चांगला बारा किलोचा. एवढं मोठं अंगण सोडून तो नेमका क्वेसीच्या डाव्या अंगठ्यावर पडला.

क्वेसी मूळचा घानाचा, गेली चार वर्षं कंपालात पाण्याच्या पाइपांचा इंजिनिअर. मुलगी नाबोसा इथलीच, जवळच्या मुकोनो गावची. दोघांचं सगळं जुळलेलं, अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. सेकिट्टोसाहेब रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "मुलगा चांगला आहे. पण ज्याच्या मागे माणसं नाहीत, त्याच्या घरी मी मुलगी देत नाही. शनिवारी आपली माणसं घेऊन ये. दोन वाजून गेले की फाटक बंद." म्हणून रोबिना मावशीनं शेजारपाजार, ऑफिस आणि चर्चमधलं गाणारं मंडळ मिळून वीस माणसं जमवली होती. सगळ्यांना एकसारखे पांढरे अंगरखेही शिवून घेतले होते.

आता अंगठा सुजला तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जावं, पट्टी बांधावी आणि घरी यावं. पण नाही! क्वेसीच्या खिशात परदेशी विमा कंपनीचं कार्ड होतं. चार वर्षांत ते एकदाही बाहेर निघालं नव्हतं. "कधीतरी उपयोग होऊ दे की त्याचा!" म्हणत स्वारी थेट मोठ्या हॉस्पिटलात गेली.

कार्ड पाहताच त्याला स्पेशल खोलीत झोपवलं. एक्स-रे काढायला कंपनीची परवानगी लागणार होती, आणि ती समुद्रापलीकडून यायची होती.

"तोपर्यंत पडून राहा," नर्स म्हणाली.

"अहो, मला चांगलं बसता येतंय!"

"कार्डवाल्यांना पडूनच राहावं लागतं."

आमच्याकडे कुणी हॉस्पिटलात आहे कळलं आणि माणूस घरी बसला, तर त्याची लाज काढतात. संध्याकाळपर्यंत खोलीत सतरा जणं झाली. केळीच्या पानात बांधलेलं कच्च्या केळ्यांचं वाफाळतं मटोके आलं, शेंगदाण्याचं कालवण आलं, आणि गाणारं मंडळ आल्याबरोबर गायलाच लागलं. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. क्वेसीच्या तोंडात मटोकेचा घास होता, म्हणून रोबिना मावशीनं फोन घेतला. आजाऱ्यासमोर त्याला 'बरा आहे' म्हटलं की दृष्ट लागते, हे मावशीचं पक्कं मत.

"पेशंट कसा आहे?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"काय सांगू बाई, देवाच्या हातात आहे."

"बोलतोय का?"

मावशीनं क्वेसीच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. "नाही हो. आत्ता काही बोलता येत नाही त्याला."

"आणि मागे तो आवाज कसला?"

"मंडळी प्रार्थना म्हणतायत. सतरा आहेत. अजून येतायत."

पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग बाई हळू आवाजात म्हणाली, "धीर धरा," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी परवानगी आली, पण एक्स-रेची नव्हे. पेशंट अत्यवस्थ असल्यामुळे शनिवारी खास विमानानं नैरोबीला हलवत आहोत, असा निरोप होता. क्वेसीनं तडक कंपनीला फोन लावला.

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"हो, हो. शांत पडून राहा. धक्का बसला की पेशंट असंच म्हणतात."

तो ओरडला, तर बाईंनी 'चिडचिड वाढली' अशी नोंद केली. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला, आणि त्यांच्या सहीशिवाय त्याला कुणी सोडेना. दुपारी नाबोसाचा फोन आला. "क्वेसी, बाबांनी एकदा फाटक लावलं की लावलं. तीस वर्षं ओळखते मी त्यांना. काहीही कर, पण ये." फोन ठेवल्यावर क्वेसीला रडूच आलं.

शनिवारी साडेअकराला अॅम्ब्युलन्स आली. नैरोबीचे डॉक्टर मुटिसो, एक नर्स आणि ड्रायव्हर, तिघंही केशरी गणवेशात. डॉक्टरांनी अंगठा दाबला.

"आई गं!"

"आणखी कुठं दुखतंय?"

"आणखी कुठं नाही. दोन वाजता मागणी घालायला जायचंय मला!"

डॉक्टर शांत माणूस. स्टुलावर बसून ते म्हणाले, "एवढ्यासाठी विमान?"

"मी कुठं मागवलं?"

"यायचं नसेल तर नकारावर तुमची सही लागेल, आणि नातेवाइकाची. त्याशिवाय तुम्हाला सोडून जाता येत नाही मला."

क्वेसीनं रोबिना मावशीला फोन लावला, तर ती एन्टेब्बेच्या विमानतळावर! आजारी माणूस परदेशी जाणार म्हटल्यावर निरोप नको द्यायला? वीसच्या वीस माणसं, पांढऱ्या अंगरख्यांसकट, पहाटेच तिकडं पोचली होती.

क्वेसीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "डॉक्टर, नातेवाईक मुकोनोला आहे."

डॉक्टरांनी फाइल उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हो, इथंही तसंच आहे. चला."

जिंजा रोडवर नेहमीसारखी ट्रॅफिक तुंबलेली, पण सायरनला कोण अडवतंय! दोनला दोन मिनिटं कमी असताना क्वेसी लंगडत फाटकाशी पोचला. मंडपातली सगळी बाया-माणसं माना वळवून बघायला लागली.

"ही तुझी माणसं?" सेकिट्टोसाहेबांनी तिघा केशरीवाल्यांकडे पाहत विचारलं.

"माझी माणसं एन्टेब्बेला गेली..."

"म्हणजे आली नाहीत."

"कपडे तरी एकसारखे आहेत हो," मंडपातून एक म्हातारी म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही याचे कोण?"

"कोणी नाही. मला याच्या नातेवाइकाची सही हवीय."

"याला इथं कोणी नातेवाईक नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाटकाला हात घातला.

"असं कसं? कागदावर आहे ना," डॉक्टर वाचू लागले. "अडीअडचणीला कुणाला कळवावं: योनासानी सेकिट्टो, मुकोनो. नातं: वडील."

नाबोसानं तोंडावर हात ठेवला.

"हे कधी लिहिलंस?" साहेबांनी क्वेसीला विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी. तुमच्याकडे पहिल्यांदा जेवलो, त्याच आठवड्यात कार्डाचा फॉर्म पुन्हा भरायचा होता. तो रकाना रिकामा सोडवेना."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "म्हणजे परवापासून फोन करणारी ती बाई... तुमचा मुलगा अत्यवस्थ आहे म्हणत होती. मी म्हटलं, मला मुलगाच नाही, फसवायला दुसरं कुणी बघा! तीनदा झापलं तिला."

"तेही आहे इथं," डॉक्टरांनी पान उलटलं. "वडिलांनाही धक्का बसला आहे, असं लिहिलंय."

सगळा मंडप खो खो हसला. हेडमास्तरांनी पेन मागून घेतलं, सावकाश, वळणदार अक्षरात सही केली आणि फाटक सताड उघडलं. "आत ये. पाय जपून टाक."

क्वेसीला आत बसवून ते परत आले. डॉक्टरांना आंब्याच्या झाडामागे नेऊन त्यांनी अंगरखा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"आता सही केलीच आहे," ते हळूच म्हणाले, "तर त्या कार्डात वडिलांचा गुडघा बसतो का, तेवढं बघा."