क्रॅबट्रींचा ससा

पाळणाघराची सूचना स्पष्ट होती: मुलाच्या प्रत्येक वस्तूवर आडनाव हवे. टॅम्सिननं ती जरा जास्तच मनावर घेतली. लाल अक्षरांत ‘क्रॅबट्री’ विणलेल्या शंभर पट्ट्या तिनं मागवल्या आणि आठ महिन्यांच्या आयव्हीच्या मोज्यांपासून दुपट्यापर्यंत सगळ्यावर शिवून टाकल्या. एक पट्टी कापडी सशाच्या बुडाला. तो ससा नसला की आयव्ही झोपत नसे, आणि आयव्ही झोपली नाही की घरात कुणीच झोपत नसे. सशाला मुळात असलेली कंपनीची चिठ्ठी मात्र तिनं कापून टाकली होती. बाळाच्या घशात गेली म्हणजे?

एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. त्या शनिवारी गावात क्रॅबट्री मेळावा होता.

नवऱ्याच्या त्या उत्तर इंग्लंडातल्या, यॉर्कशरमधल्या गावात पूल क्रॅबट्री, गल्ली क्रॅबट्री, बंद पडलेली गिरणीही क्रॅबट्री. मेंढीच्या अंगाचा वास घेऊन उद्याचा पाऊस सांगायची एक रीत होती, तिला ‘क्रॅबट्रीचा सिद्धान्त’ म्हणत. तो कधी खरा ठरला नव्हता, पण आपला होता. दर पाच वर्षांनी जगभरातले क्रॅबट्री चर्चशेजारच्या सभागृहात जमत आणि एकमेकांचे पणजोबा तपासत.

“एकशे बारा क्रॅबट्री,” सासू ग्लेनिस यादीवर टिचकी मारत म्हणाली, “आणि टॅम्सिन.”

टॅम्सिन केंटची, म्हणजे पार दक्षिणेची. लग्नाला चार वर्षं झाली होती. तरी सगळ्यांच्या छातीवर ‘क्रॅबट्री’ असा बिल्ला आणि तिच्या छातीवर ‘मदत’.

“मी काय करू?”

“तू बाळ सांभाळ, पोरी. आणि ती वही घरी ठेव हं. लोक हसतील.”

वहीत टॅम्सिन आयव्हीचं सगळं लिहून ठेवायची. दूध किती, झोप किती, खोकला कोरडा की ओला, आणि कशावर काय सांडलं. तारीख, वार, वेळेसकट. तिनं मान डोलावली आणि वही बाबागाडीत लंगोटांखाली सरकवली.

अकराच्या सुमाराला ससा गाडीतून पडला. दाराशी बसलेल्या फ्रँककाकांनी तो उचलला, पट्टी वाचली आणि हाक दिली, “क्रॅबट्री! कुणाचंय हे?”

सगळं सभागृह वळलं. फ्रँककाकांनी थोडा विचार केला आणि ससा घराण्याच्या जुन्या चिजा मांडलेल्या, ‘क्रॅबट्री वस्तू’ असं लिहिलेल्या टेबलावर नेऊन ठेवला.

बारा वाजता आयव्ही डोळे चोळायला लागली तेव्हा टॅम्सिनला ससा नसल्याचं कळलं. तिनं गाडी उपसली, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं, मग धावत दाराशी आली.

“काका, ससा पाहिलात का? त्याच्यावर नाव आहे.”

“कुठलं?”

“क्रॅबट्री.”

फ्रँककाकांनी तिच्याकडे कणवेनं पाहिलं. “पोरी, इथं माझ्या कवळीच्या डबीवरपण तेच आहे. पण ससा म्हणशील तर एक होता बघ. जिथला तिथं ठेवला मी.”

जिथला तिथं म्हणजे आता काचेच्या पेटीत, कुलूपबंद. घराण्याचे इतिहासकार क्लिफर्ड यांनी शेजारी कार्डही लावलं होतं: ‘लहान मुलाचा ससा. अंदाजे १८९०. पट्टी क्रॅबट्री गिरणीची. अतिवापराच्या खुणा.’ आठ महिन्यांच्या चघळण्यानं सशाचं वय सव्वाशे वर्षांनी वाढलं होतं.

पेटीपुढे कॅनडाहून आलेली लॉर्ना डोळे पुसत होती. “माझ्या पणजीचा आहे हा. कझाया पणजीचा. बोटीत चढताना तिचं खेळणं हरवलं होतं, घरात अजून सांगतात.”

“बोटीत कसली चढतेय?” इथल्याच, जवळच्या हॅलिफॅक्सचा नॉर्मन म्हणाला. “कझाया गिरणीच्या मुकादमाबरोबर पळाली. ससा मागे राहिला, आमच्या शाखेकडे.”

“पळाली? माझी पणजी?”

“माफ करा,” टॅम्सिन मधे घुसली, “तो ससा माझ्या मुलीचा आहे.”

क्लिफर्डनं चष्म्यावरून पाहिलं. “पुरावा?”

“त्याच्यावर तिचं आडनाव आहे.”

सभागृह खो खो हसलं.

“कंपनीची चिठ्ठी वगैरे?”

“कापली मी.”

“का?”

“घशात जाईल म्हणून.”

“सशाच्या?” नॉर्मननं विचारलं. पुन्हा हशा.

तेवढ्यात आयव्हीनं सूर लावला. टॅम्सिननं पिशवीतून दुसरा, नवा कोरा ससा काढला. असा प्रसंग येणार हे तिला ठाऊक होतं. आयव्हीनं तो भिरकावला, तो नॉर्मनच्या चहात पडला. तीन वाजता ‘ससा आणि क्रॅबट्री बालपण’ या विषयावर क्लिफर्डचं भाषण सुरू झालं, पण आयव्हीपुढे त्यातलं अक्षर कुणाला ऐकू येईना. लोक कपाळ धरून बसले. आणि एवढ्या गोंधळात ग्लेनिस एकदाही पेटीकडे पाहत नव्हती. चहाच्या रिकाम्या किटलीत तिला काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं. टॅम्सिनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

ती आयव्हीला कडेवर घेऊन सरळ व्यासपीठावर चढली.

“क्लिफर्ड, पुरावा कसा असावा लागतो?”

“लेखी,” क्लिफर्ड ओरडून म्हणाला. “तारखेसह. त्याच वेळी, तिथल्या तिथं केलेली नोंद!”

“मग ऐका.” तिनं लंगोटांखालून काढून आणलेली वही उघडली. “दहा मे, शुक्रवार, सकाळी नऊ चाळीस. लस. तापाचं गुलाबी औषध सशाच्या पोटावर सांडलं, बदामाएवढा डाग.”

क्लिफर्डनं पांढरे हातमोजे चढवले, कुलूप काढलं, ससा उलटा केला. बदामाएवढा गुलाबी डाग.

“दोन ऑगस्ट, सव्वाचार. डाव्या कानाला गाजर.”

डावा कान नारिंगी होता. पुढच्या रांगेतले उठून जवळ आले. क्लिफर्डनं ससा खाली ठेवला. त्यानं वही तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली आणि स्वतःच मोठ्यानं वाचू लागला.

“एकोणीस ऑगस्ट, सोमवार. ससा ग्लेनिसच्या घरून परत आला. उजव्या कानाला नवी शिवण, निळा दोरा. कुत्र्याचे केस, दोन. ग्लेनिस म्हणते, काही झालं नाही.”

एकशे अकरा क्रॅबट्री ग्लेनिसकडे वळले.

“चोवीस ऑगस्ट, दोन दहा. ग्लेनिसनं आयव्हीला चॉकलेट दिलं. मला कळलं नाही असं तिला वाटतं.”

“क्लिफर्ड, पुरे!”

“मूळ कागद आहे, ग्लेनिस! मधेच कसा सोडू?”

“हो, हो, माझ्या कुत्र्यानं फाडला!” ग्लेनिस किटली आपटत म्हणाली. “मी शिवला. आणि चांगला शिवलाय! द्या त्या लेकराला तिचा ससा!”

आयव्हीनं गाजराचा कान तोंडात घातला, दोनदा चोखला आणि झोपली. सभागृहात कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. मग मागून फ्रँककाकांनी हळूच, आवाज न करता टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळे तसेच नि:शब्द टाळ्या वाजवत उभे राहिले. लॉर्नासुद्धा.

“चाळीस वर्षं मी या घराण्याचे कागद उपसतोय,” क्लिफर्ड कुजबुजला. “कझायाच्या लग्नाचं सालसुद्धा मिळत नाही. आणि या पोरीकडे डागाची वेळ आहे, मिनिटानिशी! आधीच्या वह्या आहेत का गं?”

“सात.”

क्लिफर्ड खाली बसला. मग उठला, वही काचेच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि नवं कार्ड लिहिलं: ‘क्रॅबट्री दप्तर, खंड आठवा. ससा सध्या वापरात.’

“पण माझी वही...” टॅम्सिन म्हणाली. “आता ही झोपल्याची वेळ कशात लिहू?”

ग्लेनिस जवळ आली. तिनं यादीवरचा एकशे बाराचा आकडा खोडून एकशे तेरा केला, स्वतःच्या छातीवरचा बिल्ला काढून टॅम्सिनच्या ‘मदत’वर टोचला आणि यादी उलटी करून पेन्सिलीसकट तिच्यापुढे धरली.

“लिही, पोरी. कुणीतरी लिहायला हवंच.”

टॅम्सिननं लिहिलं: ‘तीन पन्नास. झोपली. एकशे तेरा क्रॅबट्री चिडीचूप.’

ग्लेनिस खांद्यावरून वाचत होती. “छान. फक्त आज सकाळचं चॉकलेट लिहू नकोस हं.”

“कुठलं चॉकलेट?”

ग्लेनिसनं तोंडावर हात ठेवला. टॅम्सिननं पेन्सिलीचं टोक पाहिलं आणि गोड हसून विचारलं, “किती वाजता?”