ओटीपी आत्याबाईंकडे

मी फक्त एका चौकोनात टिक केली होती. माझ्यावर जे काही येतं ते असंच, एखाद्या बारीकशा चौकोनातून येतं.

जाफराबादच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवते. ऑनलाइन परीक्षेची प्रणालीही माझ्याच गळ्यात आहे (मीटिंगमध्ये नाही म्हणायला तोंड उघडलं, ते सगळ्यांना हो म्हटल्यासारखं दिसलं). मुलांची युजरनेमं म्हणजे वर्ष, शाखा, हजेरी क्रमांक, मधे टिंब, मधे रेघ. ती कुणाच्या लक्षात राहत नसत. दर परीक्षेचा निम्मा वेळ "मॅडम, घेईना" यात जायचा. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळीच मी सेटिंगमध्ये गेले आणि टिक केली: युजरनेम म्हणून फक्त मोबाईल नंबर चालेल. सेव्ह.

सेव्ह होताच प्रणालीने पहिलं काम केलं ते मला बाहेर काढायचं.

तोवर लॅब भरली होती. पहिल्या बाकावरच्या आसिफाने स्वतःचा नंबर टाकला.

"मॅडम, घेईना."

कुणाचाच घेईना. यादीतल्या प्रत्येक नंबरापुढे +९१ चिकटलेलं, आणि लॉगिनच्या रकान्यात दहाच आकडे मावत होते. दुरुस्ती मिनिटाची, पण ती आत जाऊन करायची, आणि आत जायला मलाही तोच रकाना. बारा वाजता पेपरचं दार आपोआप बंद होणार होतं. जे बाहेर राहतील ते गैरहजर. (मुलांचे गुण जातील आणि माझी पुढच्या वर्षाची नेमणुकीची ऑर्डरही. मी मोठ्या मनाने आधी मुलांचाच विचार केला. क्षणभर.)

"मॅडम, मी पिंपळगावाहून जीपला लटकून आल्ते," आसिफा रडवेली झाली.

"काही नाही, होतंय," मी म्हणाले. गॅस संपल्यावर पाहुण्यांना 'चहा होतोय' म्हणतात, तो आवाज.

'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करून माझा ईमेल टाकला. ओटीपी पाठवला, असं उत्तर आलं, आणि नंबराचे शेवटचे आकडे दिसले. ते माझे नव्हते. आत्याबाईंचे होते! आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नोकरीचा अर्ज भरला त्या आठवड्यात आमच्या लेकीने, चिऊने, माझा फोन बादलीत बुडवला होता, म्हणून मी त्यांचा नंबर लिहिलेला. आज माझ्या फोनची बॅटरी चिऊच्या कार्टूनने संपवली होती. मी आसिफाचा फोन मागितला. आवाज तुटत होता, म्हणून स्पीकर लावला.

"आत्याबाई, मी तृप्ती. तुमच्या फोनवर एक नंबर आलाय, तो सांगा. जल्दी!"

"कोन तृप्ती?"

"तुमची सून!"

"माझ्या सुनेचा नंबर ह्यो न्हाई."

"बॅटरी गेली माझी. चिऊ कशीये? खोकते का अजून?"

"लेकराची बी चौकशी करून राह्यली. हुशार हाये! बाई, आमच्या सुनेनं सांगून ठेवलंय, ओटीपी कोणालाच द्यायचा न्हाई. तिच्या आवाजात मागितला तरी बिलकुल न्हाई. आजकाल आवाज बी नकली निघतो म्हने."

सांगितलं होतं. बोट नाचवून सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

"मग काहीतरी विचारा! घरातलं, खऱ्या तृप्तीलाच माहीत असेल असं!"

पलीकडे विचार सुरू झाला. मागे चिऊने भोकाड पसरलं.

"मंग सांग. सयपाक माझ्या हातचा चांगला का तुझ्या आईच्या?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. काटा बाराकडे सरकत होता. कुठलीही शहाणी सून देईल तेच उत्तर मी दिलं.

"तुमच्या हातचा, आत्याबाई! तुमच्या हाताला जी चव आहे, ती आईला कुठली!"

"फ्रॉड!" आत्याबाई कडाडल्या. "आमची तृप्ती असं मरंस्तोर म्हननार न्हाई!"

फोन कट.

आसिफाने पुन्हा फोन लावून दिला आणि ती हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगून टाका ना."

मी डोळे मिटले. "आत्याबाई, तुमच्या भाजीत मीठ दुप्पट असतं! चिऊला काजळ लावू नका म्हटलं तरी लावता! आणि मी भाकरी थापताना मागे उभं राहून नाक मुरडता, ते मला स्टीलच्या डब्यात दिसतं!"

मागच्या बाकावर कुणी फिस्सकन हसलं. फोनवर एक समाधानाचा सुस्कारा.

"हां. आता बराबर. लिही."

मी आत गेले, +९१ उडवलं. आसिफा आत गेली, मागोमाग सगळे गेले. काटा बारावर आला तेव्हा लॅबबाहेर फक्त माझी अब्रू उरली होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. पहिला घास घेतला, तर भाजीत मीठ नावालाही नव्हतं. शेजारी माझा नवरा कल्याण मान खाली घालून भराभर गिळत होता. आत्याबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कशी झाली भाजी?"

"छान झालीय, आत्याबाई," मी म्हणाले. "मीठ अगदी बराबर."

त्या लेकाकडे वळल्या.

"कल्याणा, हिचं ताट उचल. ही आपली तृप्ती न्हाई."