दिवस झाक, महिना झाक

नथ्थू गुरुजींनी मला सांगितलेलं पहिलं काम : झाकायचं.

शहाद्याला एसटी स्टँडसमोर बसून मी वेबसाइटी बनवतो. धडगावच्या एका धर्मादाय दवाखान्याला पेशंट-नोंदणीचं पान करून दिलं होतं. निवृत्तीनंतर गुरुजी तिथे फुकट नोंदणीला बसायचे. पहिल्यांदा आले ते जीपने घाट उतरून, थेट भांडायलाच. "भाऊ, हाई तुन्हं कॅलेंडर शे का भूलभुलैया?"

जन्मतारखेच्या चौकटीवर बोट लावलं की कॅलेंडर उघडे. मला दाखवायला गुरुजी एकेक महिना मागे सरकवत स्वतःच्या जन्माकडे निघाले. चहा गार झाला. "आते कोठे मन्हं लगीन व्हयनं," वाटेत म्हणाले. तेवढ्यात अंगठा घसरला आणि कॅलेंडर टुणकन आजच्या तारखेवर. "घ्या! परत म्हतारा व्हयनू!"

"वर्षांची यादी देतो, गुरुजी."

"दे. वरीस ऱ्हाऊ दे. दिन झाक, महिना झाक. डोंगरमा कोनले तारीख म्हाईत शे?"

झाकलं. आठवड्याने पुन्हा हजर. आता तिथे एक रिकामी चौकट हवी होती. वर लिहायचं : जन्म झाला तेव्हा काय चाललं होतं?

"डॉक्टरांना काय उपयोग त्याचा?"

"डॉक्टरले नई. माले शे."

मग हळू आवाजात सांगितलं. डोंगरातल्या शाळेत नवी नोकरी लागली तेव्हा पहिलीचे दाखले त्यांनीच भरले. आया सांगत, मोहफुलं पडत होती, होळीचा ढोल वाजत होता. रजिस्टरात रकाना तारखेचा. गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून लावली. "मायसनी सांगेल व्हतं रे. मीच लिखं नई."

नवं पान बसवायला मी स्वतः धडगावला गेलो. रांगेत सुनकीबाई होत्या, गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, केस पिकू लागलेल्या. वर्ष सांगितलं. जन्मावेळी काय चाललं होतं, असं विचारताच म्हणाल्या, "माय गेली. आता कोणाला ठाऊक?"

गुरुजींनी चष्मा काढला. ते पावरीत, तिच्या डोंगरातल्या बोलीत, बोलत होते. मला अर्धंमुर्धं कळत होतं. "तुला शाळेत घालताना तुझी माय सांगत होती. ज्वारी खुडायला गेली होती, तू शेतातच झालीस. तुला बांधावर निजवलं, ओळ पुरी केली, मगच घरी आली."

सुनकीबाई टेबलापुढून हलेनात. मागची माणसं कुरकुरू लागली.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "परत सांगा."

गुरुजींनी परत सांगितलं, अगदी पहिल्यापासून.