हिरव्या चिठ्ठीचा साक्षीदार

आमच्या वडगावच्या बाजारात गायकवाडमामा मासा घ्यायच्या आधी त्याचं पोट फाडायला लावायचे.

"आदी फाड, मग भाव बोल."

मासेवाली शेवंताबाई कपाळावर हात मारायची. "मामा, फाडल्यावर तुमी न्हाई घेतला तर कोन घेईल वो?"

आत अंडी निघाली की मामा तिला, धरणाला आणि सरकारला एका दमात शिव्या घालायचे आणि तोच मासा पिशवीत टाकून घरी न्यायचे. मासा त्यांना लई आवडायचा, त्याला काय करणार!

मामा माझे शेजारी. एसटीत कंडक्टर होते. खोटे पास बघून बघून छापील अक्षरावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. आणि दिवस नेमके असे, की दुकानादुकानात रंगीत पुड्यांच्या माळा लटकायला लागलेल्या. मामा दुकानदाराला दरडावायचे, "छापलंय म्हून खरं का बे?" मिठाची नवी पिशवी आली तर चिमूटभर जिभेवर ठेवून "हां, खारट हाय" असं चार लोकांत जाहीर करायचे.

आमच्याकडं एक रीत होती. पावसाळ्यात मासा अंड्यावर आला की भोई जाळी टांगून ठेवायचे. त्या दिवसांत धरणात कुणी उतरत नसे. मग धरण ठेक्यानं गेलं. ठेकेदाराचे बर्फाचे ट्रक हैदराबादच्या हॉटेलांकडं पळू लागले. पावसाळ्यातही जाळी पाण्यातच. आणि प्रत्येक माशाच्या कल्ल्यात दोऱ्यानं बांधलेली हिरवी चिठ्ठी: 'अंडी-पिल्लं राखून धरलेला मासा'. वर हसऱ्या माशाचं चित्र.

"गळ्यात दोरी बांधल्यावर ह्यो हसतोय कावून बे?" मामा भडकले. भर बाजारात त्यांनी चिठ्ठीवाले मासे फाडून दाखवले. आत अंडीच अंडी. गाव पोट धरून हसलं. गावाचं काय जातंय हसायला!

आणि एका बाजाराला मामा एकदम गप्प झाले. त्यांचा मुलगा संजय ठेकेदाराकडं लागला होता, त्याच चिठ्ठ्या बांधायला.

पुढं हैदराबादहून हॉटेलवाले साहेब आले. चिठ्ठी खरी आहे का, हे त्यांना ठेकेदाराच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. गावात कुणाला विचारावं म्हटल्यावर सगळ्यांनी मामांकडं बोट दाखवलं. जो कशावरच विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास!

धरणाच्या काठावर माशांचं खोकं उघडलं. साहेब म्हणाले, "मामा, तुम्हीच एक निवडा आणि फाडा."

संजय मागं चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. मी मामांच्या हाताकडं बघत होतो. बोटं एकेका पोटावरून फिरत गेली. टम्म फुगलेला एक मासा सोडला, दुसरा सोडला, तिसराही सोडला. खालून एक सपाट पोटाचा नर ओढून काढला आणि फाडला. आत काही नव्हतं.

"बगा," मामा म्हणाले. "चिठ्ठी खरी हाय."

साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवला. माझं डोकंच फिरलं. परतीच्या वाटेवर मी त्यांना गाठलं. "मामा, लाज वाटली नाही?"

"वाटली की." ते थांबले. "संज्या पुन्याला निघालता. बॅग भरून तयार हुती. ह्ये काम गावलं म्हून ऱ्हायला. हॉटेलवाले फिरले असते तर काम गेलं असतं, आन् ह्योबी गेला असता. तुमची मामी गेल्यापून त्या घरात आमी दोगंच हाव. येकट्यानं मला घर खायला उठतंय, गुरुजी."

शिवी जिभेवर आली होती, ती गिळली.

पुढच्या वर्षी जाळ्यात बोटाएवढी पिल्लं यायला लागली, मग तीही येईनात. हैदराबादला आमच्या धरणाच्या माशाचं नाव मात्र अजून निघतं. ठेकेदार तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या धरणावर गेला. शेवंताबाई आता भाजी विकते. संजय पुण्याला गेला.

मामा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. बायको विचारते, "मामा, जेवलात का?"

"जेवलो की," ते म्हणतात, आणि ताट समोर येईपर्यंत उठत नाहीत.