सातवा प्रश्न नसलेला फॉर्म

"तीन मिनिटं! जास्तीत जास्त तीन मिनिटांत माझी कंपनी फोन उचलेल. तुझं सरकार उचलेपर्यंत तळ्यावरचा बर्फ वितळलेला असेल!"

आर्विड हाल्व्हर्सन याने ही गर्जना चर्चच्या तळघरात, ज्येष्ठांच्या गुरुवारच्या जेवणात केली. वय एकाहत्तर, तांत्रिक महाविद्यालयाची पदविका आणि त्यानंतर बर्फ सारणारे नांगर बनवणाऱ्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षे तपासनीस. त्याच्या लाल पेन्सिलीची फुली पडली की माल परत. मग तो मालकाच्या मेव्हण्याने का बनवलेला असेना! पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा त्याने एका खासगी कंपनीमार्फत घेतला होता, आणि तेव्हापासून ती कंपनी त्याला सख्ख्या आत्येसारखी वाटू लागली होती.

समोर बसलेला लेरॉय साथर हा निवृत्त पोस्टमन. त्याचा विमा थेट सरकारचा.

"तुझी कंपनी ना? शिंकायची परवानगी द्यायलासुद्धा समिती नेमते!"

"आणि तुझं सरकार त्या समितीच्या खुर्च्यांसाठी निविदा काढतं!"

"पुढच्या गुरुवारी रीतसर वादसभा घ्या," पास्टर सॉल्वेगबाई मध्ये पडल्या. "आज ओव्हनमधून काढलेली हॉटडिश गार होतेय."

वाद शब्दांनी नव्हे, चाचणीने मिटतो, असे आर्विडचे तत्त्व. त्याने योजना आखली: टेबलावर दोन फोन, दोन्ही स्पीकरवर, एक कंपनीला, एक सरकारी कार्यालयाला, दोन स्टॉपवॉच, आणि प्रश्न एकच. नमुना निराळा असेल तर तुलना अशास्त्रीय ठरते! नमुना म्हणून त्याने आपल्या पत्नीचा, मार्लिसचा, डावा गुडघा निवडला.

तो गुडघा बदलायचा होता. जूनअखेरीस नात ब्रिटाचे लग्न होते. "मला नवरीबरोबर पोल्का नाचायचाय, आर्विड," मार्लिस काठी टेकत म्हणे. "खुर्चीत बसून टाळ्या नाही वाजवायच्या." त्यावर आर्विडचे उत्तर ठरलेले असे: "कंपनी तयार आहे गं. सरकारी नियम आडवे येतायत." असे त्याने गृहीत धरले होते. जन्मभर तपासण्या केलेल्या माणसाने एवढी एक गोष्ट तेवढी तपासली नव्हती!

गुरुवारी तळघर खच्चून भरले. बारा वाजून पाच मिनिटांनी फोन लागले. तीन मिनिटे झाली. दहा झाली. एका फोनवर बासरी, दुसऱ्यावर पियानो. चौकात दोन वरातींचे बँड समोरासमोर यावेत तसा गोंधळ! आर्विड स्टॉपवॉच कानाशी धरून हलवून पाहू लागला.

एकतिसाव्या मिनिटाला दोन्ही फोन एकदमच उचलले गेले.

"नमस्कार, मी ड्वेन. आपली जन्मतारीख सांगता?"

"माझी?" दुसरा फोन दचकला. "अहो, मी सरकारी कार्यालयातून टॅमी बोलतेय!"

"ठीक आहे, टॅमीबाई. सभासद क्रमांक?"

"मी कशाची सभासद? तुमचाच क्रमांक द्या!"

"मी कंपनी आहे, बाई!"

"मग माझ्याकडे काय काम काढलंत?"

तळघर हसून हसून आडवे झाले. लेरॉयच्या नाकातून कॉफी आली. अखेर मार्लिस काठी टेकत उठली आणि टेबलापाशी गेली.

"ड्वेन, बाळा, मी मार्लिस हाल्व्हर्सन. गुडघा माझाय." तिने जन्मतारीख, क्रमांक, पत्ता खणखणीत सांगितला. "आता काय अडलंय ते सांग. मोठ्यानं सांग, इथे सगळी घरचीच माणसं आहेत."

"बाई, तुमची शस्त्रक्रिया नोव्हेंबरातच मंजूर झालीय. सरकारची काही हरकत नव्हती."

"मुळीच नव्हती!" टॅमी म्हणाली.

"घरी काळजी कोण घेणार, त्यांची फॉर्मवर सही हवी होती. फॉर्म सहीविना परत आला. वर लाल पेन्सिलीची फुली. खाली लिहिलंय... वाचू?"

"नको!" आर्विड ओरडला.

"वाच," मार्लिस म्हणाली.

"'प्रश्न सहानंतर एकदम आठ. सातवा प्रश्न नाही. माल सदोष. दुरुस्त करून पाठवावा.' आम्ही आणखी दोनदा पाठवला, बाई. दोन्ही वेळा तीच फुली. फेब्रुवारीत मंजुरीची मुदत संपली."

हसू थांबले. पायाखालची फरशी चुकीच्या मापाची निघावी आणि आपण अलगद खाली जावे, असे आर्विडला फार वाटले. परंतु फरशी पक्की होती.

"पाच महिने मी जिना बसून उतरतेय," मार्लिस हळू आवाजात म्हणाली. "सातव्या प्रश्नासाठी?"

"पण फॉर्म खरंच सदो..."

"आर्विड."

लेरॉय टोमणा मारील म्हणून आर्विडने मान खाली घातली. लेरॉयने नुसते आपले स्टॉपवॉच बंद करून खिशात घातले. हे टोमण्यापेक्षा जास्त लागले!

ड्वेनने नवा अर्ज चालवून तोच फॉर्म पुन्हा पाठवण्याचे कबूल केले. मग पास्टरबाईंनी मतदानाच्या चिठ्ठ्या वाटल्या: उपचार कोणामुळे रखडतात, सरकारमुळे की कंपनीमुळे?

"तिसरं नाव लिहिलं तर चालेल का हो?" मागून एक म्हातारी म्हणाली.

मोजणी रिवाजाप्रमाणे आर्विडकडेच आली. सरकार अकरा, कंपनी नऊ, आर्विड सव्वीस. त्याने दोनदा मोजले. त्या सव्विसांतली एक चिठ्ठी लाल पेन्सिलीने लिहिलेली होती. ती कोणाची, हे त्याला मोजायच्या आधीपासून ठाऊक होते.

आठव्या दिवशी फॉर्म आला. प्रश्न पाच, सहा, आठ! मार्लिस टेबलापलीकडे काठी मांडीवर घेऊन बसली होती. आर्विडची बोटे सवयीने खिशाकडे गेली आणि रिकामी परत आली. त्याने निळे पेन घेतले आणि सही केली.

"नीट तपासलास ना?"

"हो."

"कसा आहे?"

आर्विडने पेनाला टोपण लावले. "उत्तम आहे."

सदोष माल त्याने आयुष्यात प्रथमच पास केला. आपली पेन्सिल कुठे गेली, हे मात्र त्याने विचारले नाही. ती मार्लिसच्या अंबाड्यात खोचलेली स्पष्ट दिसत होती.